रोलॉनचा ‘ब्रास’ चेनसेट: घरी बसवून, माळव्याच्या धुळीत चालवून पाहिल्यानंतर

रोलॉनचा ‘ब्रास’ या नावाने विकला जाणारा चेनसेट मी माझ्या होंडा युनिकॉर्नवर घरीच बसवला, आणि इंदूरचा एक पावसाळा व त्यामागून आलेला हिवाळा त्यावर गाडी चालवून झाल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे. माझे मत आधीच सांगतो. दीडशे सीसीच्या, रोज कामावर नेल्या जाणाऱ्या गाडीसाठी हा सेट उत्तम आहे, त्याची मापे नेमकी आहेत, आणि बेताची हत्यारे व एक मोकळी सकाळ हाताशी असेल तर तो घरी बसवणे कोणाही सावकाश काम करणाऱ्या माणसाला जमण्यासारखे आहे. चेनसेट किती टिकेल हे मात्र खोक्यावरच्या नावाइतकेच, किंबहुना अधिक, बसवताना घेतलेल्या दोन-चार मापांवर ठरते. घाईगर्दीच्या गॅरेजात ही मापे सहसा घेतली जात नाहीत, म्हणून सेटच्या गुणांबरोबर बसवण्याच्या कामाविषयीही मी विस्ताराने लिहिणार आहे.

रोलॉन हे कोइमतूरच्या एल. जी. बालकृष्णन अँड ब्रदर्स या जुन्या कंपनीच्या साखळ्यांचे बाजारातले नाव असून, ही कंपनी सुट्या भागांच्या दुकानांखेरीज गाड्या तयार करणाऱ्या कारखान्यांनाही साखळ्या पुरवते. खोक्यात साखळी, पुढचे लहान स्प्रॉकेट (साखळी ज्यावर फिरते ते दातेरी चक्र), मागचे मोठे स्प्रॉकेट आणि साखळीची दोन टोके जोडणारे लॉक एवढ्या वस्तू असतात. ‘ब्रास’ हे नाव साखळीवरच्या पितळी मुलाम्यामुळे आहे. साखळी पोलादाचीच असते, आणि मुलाम्याचे काम गंज रोखण्याचे असते, ताकद वाढवण्याचे नव्हे. ‘पितळेची साखळी जास्त मजबूत’ असे कोणी सांगितले तर ते खरे मानू नये. माझ्या गाडीला ४२८ मापाची साखळी लागते. या मापात एका पिनेच्या मध्यापासून दुसऱ्या पिनेच्या मध्यापर्यंतचे अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असते, आणि आतली रुंदी पाच सोळांश इंच, म्हणजे सुमारे ७.९ मिलिमीटर असते. ४२० मापाच्या साखळीतही पिनांमधले अंतर तेवढेच असते, पण ती आतून अरुंद असते. मोठ्या गाड्यांना लागणाऱ्या ५२० मध्ये पिनांमधले अंतरच १५.८७५ मिलिमीटर होते. हे आकडे लक्षात असले म्हणजे दुकानदाराने ‘चालून जाईल’ म्हणून पुढे केलेला दुसऱ्या मापाचा माल ओळखता येतो.

चेनसेट बदलण्याची वेळ आली की नाही हे पुष्कळ लोक आवाजावरून ठरवतात. आवाज हा उशिरा मिळणारा इशारा आहे, आणि तेल घातले की तो काही काळ दबतोही. खात्रीचा मार्ग मोजण्याचा आहे. साखळीचा खालचा पदर ताणून धरावा, एका पिनेच्या मध्यापासून सुरुवात करून वीस कड्यांची लांबी पोलादी पट्टीने घ्यावी. ४२८ मापाच्या नव्या साखळीत ही लांबी २५४ मिलिमीटर भरते. ती २५९ च्या घरात गेली की साखळी सुमारे दोन टक्के वाढली असे समजून ती काढून टाकावी. एकाच ठिकाणी मोजून थांबू नये, कारण साखळी सगळीकडे सारखी झिजत नाही. दुसरी खूण मागच्या स्प्रॉकेटवर दिसते. स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या बाजूला साखळी बोटाने मागे ओढली आणि ती दातांपासून सुटून दाताचा बराचसा भाग उघडा पडला, तर झीज पुढे गेलेली आहे. दात एका अंगाला झुकून टोकदार झाले असतील, तर मोजण्याचेही कारण उरत नाही.

माझ्या गाडीची साखळी मोजत असताना माझा भाचा शेजारी होता. तो येथील एसजीएसआयटीएस या अभियांत्रिकी महाविद्यालयात मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याने विचारले, “मामा, साखळीच्या पट्ट्या तर जशाच्या तशा आहेत. मग ही पाच मिलिमीटर लांबी आली कुठून?” प्रश्न योग्य होता, कारण ‘साखळी ताणली गेली’ असे आपण म्हणतो तेव्हा लोखंड ताणले गेल्याचा समज होतो. प्रत्यक्षात पट्ट्या ताणल्या जात नाहीत. प्रत्येक सांध्यात पिन आणि तिच्याभोवतीची बुश, म्हणजे लहान धातूची नळी, एकमेकांवर घासतात, दोन्ही कणाकणाने झिजतात, आणि प्रत्येक सांध्यात थोडी मोकळीक तयार होते. वीस सांध्यांत पाच मिलिमीटर म्हणजे एका सांध्यामागे जेमतेम पाव मिलिमीटर. नुसत्या डोळ्याला ही झीज दिसत नाही, परंतु साखळीच्या शंभराहून अधिक सांध्यांत ती जमा झाली की साखळी स्प्रॉकेटच्या दातांच्या मापात बसेनाशी होते आणि दातांच्या उतारावर वर चढू लागते. हान्स रेनॉल्ड याने १८८० मध्ये मँचेस्टर येथे ज्या बुश-रोलर साखळीचे पेटंट घेतले, तिचे महत्त्व याच जागी आहे: बुशमुळे पिनेवरचा भार रुंद पृष्ठावर पसरला आणि झीज मंदावली. आज आपल्या गाडीत फिरते ती साखळी मूलतः तीच आहे.

यावरूनच तिन्ही भाग एकदम का बदलायचे हेही स्पष्ट होते. जुन्या स्प्रॉकेटचे दात वाढलेल्या साखळीच्या मापाने झिजलेले असतात. त्यावर नवी साखळी चढवली तर पहिल्या दिवसापासून तिचा भार मोजक्याच दातांवर पडतो आणि नव्या साखळीचे आयुष्य पुष्कळ कमी होते. पुढचे लहान स्प्रॉकेट स्वस्त असते, म्हणून तेवढेच बदलून भागवण्याकडे अनेकांचा कल असतो, परंतु सर्वांत जास्त काम तेच करते आणि साखळीला सर्वांत जास्त तेच झिजवते. समजा पुढे १४ आणि मागे ४२ दात आहेत. मागच्या चक्रावर चढताना प्रत्येक सांधा सुमारे साडेआठ अंशांत वळतो, तर पुढच्यावर जवळपास २६ अंशांत. सांधा जितका अधिक वळतो तितकी पिन बुशीत अधिक घासते. गाडीची ओढ वाढावी म्हणून पुढचे स्प्रॉकेट एक-दोन दातांनी लहान करणाऱ्यांनी हा हिशेब ध्यानात घ्यावा. मी कंपनीच्या मूळ दातसंख्येचाच सेट घेतला, आणि दुकानातच जुन्या स्प्रॉकेटच्या आकड्यांशी ताडून पाहिला.

इंदुरात चेनसेट घ्यायचा तर छोटी ग्वालटोली आणि सियागंज हा भाग पुरेसा आहे. दुकाने एकमेकांना लागून आहेत, भाव विचारत फिरणे सोपे जाते, आणि माहीतगार दुकानदार सल्लाही नेमका देतात. ज्या दुकानातून मी सेट घेतला तेथील वयस्कर मालकांनी मी काही बोलण्याआधीच सांगितले, “भिया, अकेली गरारी मत ले जाना, पूरा सेट ही डालना.” गरारी म्हणजे स्प्रॉकेट. विक्री वाढावी म्हणून दिलेला हा सल्ला नव्हता, वर लिहिलेल्या कारणांमुळे तो योग्यच आहे. दीडशे सीसीच्या गाड्यांचे या दर्जाचे सेट साधारण हजार ते दोन हजार रुपयांच्या दरम्यान मिळतात, आणि मला माझा सेट चौदाशेच्या आसपास पडला. बिल मात्र आग्रहाने मागून घ्यावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी लागू आहे, त्यापूर्वी अनेक भागांवर तो २८ टक्के होता. त्यामुळे खोक्यावर जुनी किंमत छापलेली असेल तर तिच्याबद्दल जरूर विचारावे.

बनावट मालाचा धोका खरा आहे. आमच्या लोकमान्य नगरातल्याच एका शेजाऱ्यांना दुसऱ्या एका दुकानातून बिलाशिवाय सेट मिळाला. खोके हुबेहूब होते, पण मागच्या स्प्रॉकेटचे मधले भोक किंचित मोठे होते. ते हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, कड्यावर घट्ट न बसता हलत होते, आणि चाक फिरवले की साखळी एका जागी ताठ व दुसऱ्या जागी सैल होत होती. असा भाग नटबोल्ट आवळून सरळ होत नाही, कारण केंद्रच चुकलेले असते. म्हणून मी खोके दुकानातच उघडले. साखळीच्या पट्ट्यांवर कंपनीचे नाव व माप स्वच्छ ठशात आहे का, दोन्ही स्प्रॉकेटवर दातांची संख्या कोरलेली आहे का, दातांच्या कडांना छिलके राहिले आहेत का, आणि साखळी आडवी धरल्यावर ती किती लोंबते, एवढे पाहिले. नवी, नीट बनलेली साखळी आडवी धरली तर फारशी झुकत नाही. या सेटमध्ये सगळे ठसे स्पष्ट होते, दात एकसारखे कापलेले होते, आणि प्रत्येक कडी हाताने वाकवून पाहिली तेव्हा एकही सांधा आखडलेला आढळला नाही.

आता बसवण्याविषयी. लागणारी हत्यारे साधी आहेत: आठपासून चोवीसपर्यंतचे रिंगपाने किंवा गोटीपाने, नोजप्लास, लाकडी हातोडी, पोलादी पट्टी, आणि शक्य असल्यास टॉर्क रेंच, म्हणजे ठरावीक जोरानेच नट आवळता येणारा पाना. टॉर्क रेंच विकत घेणे महाग वाटल्यास एखाद्या मित्राकडून आणावा. चाकाचा एक्सल नट आणि स्प्रॉकेटचे नट अंदाजाने आवळण्याच्या जागा नव्हेत. गाडी मधल्या स्टँडवर, सपाट फरशीवर उभी असावी, आणि संपूर्ण कामात इंजिन बंद असावे. साखळी पुसण्यासाठी इंजिन चालू ठेवून गिअरमध्ये चाक फिरवणारे लोक मी पाहिले आहेत. फिरत्या साखळीत चिंधी अडकली की तिच्यामागून बोटही आत जाते, आणि अशा अपघातांत बोटे गेलेली आहेत. चाक हातानेच फिरवावे, तेही गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून.

कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. साखळी काढून टाकल्यावर पुढचे स्प्रॉकेट सैल करू गेल्यास ते मोकळे फिरत राहते आणि पान्याला जोर मिळत नाही. म्हणून गिअरची दांडी आणि इंजिनच्या डाव्या बाजूचे झाकण आधी काढावे, गाडी गिअरमध्ये घालावी, दुसऱ्याला मागचा ब्रेक दाबून धरायला सांगावे, आणि साखळी जागेवर असतानाच पुढच्या स्प्रॉकेटचे बोल्ट सैल करून घ्यावेत. युनिकॉर्नमध्ये हे स्प्रॉकेट दोन लहान बोल्टांच्या एका पातळ पट्टीने शाफ्टवर अडवलेले असते. बोल्ट काढून पट्टी थोडी फिरवली की ती खाचांतून बाहेर येते. त्या झाकणामागे जे दिसले ते माळव्यात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने एकदा पाहावे. इथली काळी माती पावसात लोण्यासारखी चिकटते, उन्हात वाळून तिची पीठासारखी धूळ होते, आणि साखळीवरून उडालेले तेल मिसळले की झाकणाच्या आत तिचा दगडासारखा थर बसतो. बारीक माती व तेल यांचे हे मिश्रण धातू झिजवणाऱ्या लेपाचेच काम करते. लाकडी पट्टीने ते खरवडावे, पाण्याचा जोरदार फवारा मारू नये, कारण तिथेच गिअरबॉक्सच्या शाफ्टचे ऑइल सील, म्हणजे तेल बाहेर येऊ न देणारे रबरी कडे, असते. ते सील ओले दिसते का हे याच वेळी पाहून घ्यावे. माझ्या गाडीत ते कोरडे होते.

जुन्या साखळीचे लॉक नोजप्लासने निघते. गॅरेजमध्ये छिन्नी आणि हातोडीने साखळी तोडतात, तेव्हा तो धक्का शाफ्टच्या बेअरिंगपर्यंत पोहोचतो. लॉक असताना छिन्नीची गरजच नाही. ज्या गाड्यांत चेनचे कव्हर न काढता काम करायचे असेल, त्यांत जुन्या साखळीच्या टोकाला नवी साखळी लॉकने तात्पुरती जोडावी आणि जुनी ओढून घ्यावी, म्हणजे नवी आपोआप आपल्या मार्गाने आत सरकते. आम्ही मात्र कव्हरचे दोन्ही भाग पूर्ण काढले, कारण पूर्ण बंद कव्हरच्या आत माती साचलेली असते आणि ती तशीच ठेवून नवी साखळी चढवण्यात अर्थ नाही. बंद कव्हरला हल्ली जुनाट समजले जाते, पण माझ्या मते आपल्याकडच्या रस्त्यांसाठी त्यासारखी सोय नाही. साखळी पाऊस-चिखलापासून बरीच वाचते. फक्त ती नजरेआड असल्यामुळे तिची आठवण ठेवावी लागते.

मागचे चाक काढले की स्प्रॉकेट ज्या हबवर बसते त्याच्या आतले रबर उघडे पडतात. गिअर बदलताना किंवा अचानक रेस देताना बसणारा हिसका हे रबर शोषून घेतात. ते कडक झाले असतील, चिरलेले असतील, किंवा हब हाताने पुढे-मागे फिरवल्यावर मोकळा खेळ जाणवत असेल, तर ते या कामातच बदलावेत. चेनसेटमध्ये ते येत नाहीत, स्वतंत्र घ्यावे लागतात, आणि त्यांची किंमत सेटच्या मानाने अगदी थोडी असते. माझे रबर दबून चपटे झाले होते, म्हणून मी नवे घातले. चाकाच्या बेअरिंगमध्ये बोट घालून ते फिरवून पाहावे. खरखर जाणवली तर तेही आताच.

रोलॉनचे मागचे स्प्रॉकेट हबच्या कड्यावर हलक्या दाबाने, न डगमगता बसले. बोल्टांची छिद्रे बोल्टांशी तंतोतंत जुळली. कुठेही कानस लावावी लागली नाही. पुढचे स्प्रॉकेटही शाफ्टच्या खाचांवर गुळगुळीत सरकले आणि बाजूला हलवून पाहिल्यावर त्यात वाजवी तेवढीच मोकळीक जाणवली. सेटचा खरा कस इथे लागतो, आणि या कसोटीला तो पूर्ण उतरला असे मी निःशंकपणे लिहितो. स्प्रॉकेटचे नट समोरासमोरच्या जोड्यांनी, थोडे थोडे आवळावेत, जेणेकरून चकती एका बाजूला कलणार नाही, आणि नटांखाली मुडपायच्या पट्ट्या असतील तर त्या पुन्हा नीट मुडपाव्यात.

नवी साखळी चढवताना तिच्यावरचे चिकट ग्रीस धुऊन टाकू नये. कारखान्यात साखळीच्या सांध्यांत भरलेले ते ग्रीस असते, आणि बाहेरून लावलेले कोणतेही तेल तितके आत पोहोचत नाही. वरवरचे चिकट आवरण कोरड्या फडक्याने पुसले तरी पुरते. लॉकची पट्टी बसवताना तिचे बंद टोक साखळीच्या धावण्याच्या दिशेला असले पाहिजे. साखळीचा वरचा पदर मागच्या चाकाकडून इंजिनकडे जातो, म्हणून लॉक वरच्या पदरावर असताना बंद टोक पुढे आणि चिरलेले टोक मागे यायला हवे. उलट बसवलेल्या पट्टीचे उघडे टोक एखाद्या काटकीला किंवा कव्हरला अडकून पट्टी निसटू शकते. चालत्या गाडीत साखळी सुटून ती मागच्या चाकात किंवा इंजिनच्या खोक्यात अडकणे किती गंभीर आहे, हे सांगायला नको. पट्टी दोन्ही पिनांच्या खाचांत पूर्ण बसली आहे हे उजेडात वाकून पाहावे. भाच्याने ते मोबाइलच्या दिव्यात पाहिले आणि मग मलाही पाहायला लावले, हे मला आवडले.

यापुढचा भाग सर्वांत सावकाश करण्याचा आहे. चाक सरळ आहे की नाही हे स्विंगआर्मवरच्या, म्हणजे मागचे चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्यावरच्या, खुणांवरून ठरवण्याची पद्धत आहे, पण त्या खुणा दोन्ही बाजूंना नेहमी सारख्या असतातच असे नाही. आम्ही स्विंगआर्मच्या बिजागरीच्या बोल्टच्या मध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजले आणि ते जुळेपर्यंत अॅडजस्टर फिरवले. चाक तिरपे राहिले तर स्प्रॉकेटच्या दातांची एकच बाजू घासून चमकू लागते, आणि महागातला महाग सेटही लवकर संपतो. साखळीचा ढिलेपणा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. या वर्गाच्या गाड्यांत तो साधारण २० ते ३० मिलिमीटर असतो, आणि तो खालच्या पदराच्या मध्यावर, चाक थोडे थोडे फिरवून सर्वांत ताठ जागी मोजायचा असतो. पुढच्या स्प्रॉकेटचा शाफ्ट, स्विंगआर्मची बिजागरी आणि मागचा एक्सल हे तिन्ही एका रेषेत येतात तेव्हा साखळी सर्वांत जास्त ताणली जाते. मागे माणूस बसून गाडी खड्ड्यात दबली की हीच स्थिती येते. रिकाम्या गाडीत ताठ ठेवलेली साखळी त्या क्षणी गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर ओढ घेते, म्हणून शंका असेल तर किंचित सैल बरी, घट्ट नको. एक्सल आवळल्यावर ढिलेपणा पुन्हा मोजावा, कारण आवळताना तो बदलतो. चाक मागेपुढे सरकल्यामुळे मागच्या ड्रम ब्रेकचा दांडाही नव्याने जुळवावा लागतो. पायाखालचा मोकळा खेळ आणि ब्रेकचा दिवा तपासल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर काढू नये.

गाडी चालवल्यावर पहिला फरक हातापायांना जाणवला. हळू वेगात रेस सोडून पुन्हा देताना जो हिसका बसत असे तो नाहीसा झाला. यातले काही श्रेय नव्या हब-रबरांचे आहे, सगळे साखळीला देणे बरोबर होणार नाही. साखळीचा आवाज मात्र निश्चितच सेटमुळे कमी झाला, आणि राजवाड्याच्या गर्दीत दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश चालताना गाडी पूर्वीसारखी अडखळत नाही. नवी साखळी पहिल्या काही शे किलोमीटरांत थोडी सैल होते. ती सांध्यांची जागा बसण्याची नैसर्गिक क्रिया आहे, दोष नव्हे. तेव्हा एकदा ताण जुळवला, आणि त्यानंतर तो फार हळूहळू बदलला आहे.

पावसाळ्यात या सेटची परीक्षा झाली. धारमार्गे मांडू हा इंदूरहून सुमारे शंभर किलोमीटरचा रस्ता आम्हा इंदूरकरांचा श्रावणातला ठरलेला रस्ता आहे, आणि त्यावर शेतांतली काळी माती ट्रॅक्टरच्या चाकांनी डांबरावर आलेली असते. घरी परतल्यावर कव्हर काढून पाहिले तेव्हा बाहेरच्या पट्ट्यांवर गंजाचा ठिपकाही नव्हता, जो साध्या काळ्या साखळीवर दोन ओल्या रात्रींत दिसू लागतो. रोलरवरचा मुलामा दातांशी घासून गेला आहे. तो जाणारच, आणि त्यामुळे काही बिघडत नाही, कारण ती जागा तेलाने संरक्षित राहते. मोजमापात, हिवाळा संपता संपता घेतलेली वीस कड्यांची लांबी पट्टीवर २५४ पासून जेमतेम ओळखू येईल इतकीच सरकली होती.

हा सेट कोणी घेऊ नये, हेही सांगणे आवश्यक आहे. या साखळीत ओ-रिंग नाहीत. ओ-रिंगच्या साखळीत पिन आणि बुशीमधले ग्रीस रबरी कड्यांनी आत कोंडलेले असते, त्यामुळे तिला बाहेरच्या तेलाची गरज कमी भासते. साध्या साखळीचे तसे नाही. साधारण पाचशे किलोमीटरांवर, आणि भर पावसात चालवल्यास त्याआधीही, रॉकेल किंवा डिझेलमध्ये भिजवलेल्या ब्रशने ती साफ करून, कोरडी करून, ९० नंबरचे गिअर ऑइल आतल्या बाजूने रोलर आणि पट्ट्यांच्या फटींत सोडावे लागते. तेल रात्री घालावे, म्हणजे सकाळपर्यंत ते आत मुरते आणि चाकावर उडत नाही. पेट्रोल वापरू नये, आणि गंज सोडवण्याचे पातळ फवारे हे वंगण नव्हे. ज्यांना एवढे करणे होणार नाही, किंवा ज्यांची गाडी उघड्या साखळीची, मोठ्या ताकदीची आणि लांबच्या प्रवासाची आहे, त्यांनी जास्त पैसे देऊन आपल्या गाडीच्या मापाची ओ-रिंग साखळीच घ्यावी.

घरी बसवल्याने मजुरीचे तीनशे-चारशे रुपये वाचतात, पण केवळ तेवढ्यासाठी मी हे काम करा असे म्हणणार नाही. आपल्या हाताने केल्यावर हबचे रबर, ऑइल सील, बेअरिंग, ब्रेकचा दांडा या सगळ्या जागा एकदा डोळ्यांखालून जातात, आणि मापे कागदावर लिहून ठेवली तर पुढच्या वेळी झीज किती झाली याचा खरा हिशेब मिळतो. गॅरेजमध्येच काम करून घ्यायचे असेल तरी सेट आपण स्वतः तपासून न्यावा, लॉकची दिशा पाहावी, आणि ताण मोजताना चाक पूर्ण एक फेरा फिरवायला सांगावे. चांगला मिस्त्री याचा राग धरत नाही.

सेट घेताना त्याच दुकानातून हबचे रबर, एक्सलला कॉटर पिन (नट फिरू नये म्हणून घालायची वाकवता येणारी पिन) असेल तर ती, आणि ४२८ मापाचे एक जादा लॉक एकाच बिलात घ्यावे. लॉकची किंमत नगण्य असते. ते प्लॅस्टिकच्या पिशवीत थोडे ग्रीस लावून सीटखालच्या हत्यारांत नोजप्लाससोबत ठेवावे, कारण रस्त्यात लॉक निसटले तर मानपूरच्या घाटात किंवा मांडूच्या वाटेवर त्याच मापाचे लॉक मिळण्याची शाश्वती नसते.